सशांसाठी आगोटीची बेगमी : गवत, खुराक आणि बिछायत

मुंबईच्या उत्तर टोकाला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर गोराई गाव वसले आहे. येथे होळी सरली की घरोघरी आगोटीची तयारी सुरू होते. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, जवळा कडकडीत करून डब्यात भरला जातो, तांदूळ निवडून ठेवतात, वर्षाचा मसाला कुटतात, सरपण आडोशाला रचतात. पाऊस लागला की चार महिने बाहेरून काही येईल याचा भरवसा धरायचा नाही, ही इथल्या घरांची जुनी रीत आहे. मात्र ज्या घरांत मुलांच्या हौसेखातर किंवा जोडधंद्याचा पहिला अनुभव म्हणून दोन-चार ससे पाळलेले असतात, त्या घरांतही सशांच्या वाट्याची बेगमी बहुधा राहून जाते. ससा म्हणजे दोन पाने टाकली की भागले, असा सर्वसाधारण समज आहे. जूनअखेर हा समज महागात पडतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी काही वर्षांपूर्वी असेच घडले. दिवाळीनंतर आणलेले चांगले हिरवट वाळले गवत गोणीत भरून पडवीच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवले होते. गोणी वरून कोरडी होती. जुलैच्या मध्यावर त्यातले गवत दोन दिवस घातल्यावर एका मादीने खाणे टाकले, लेंड्या बंद झाल्या, पोट फुगून घट्ट झाले आणि डॉक्टरांकडे नेईपर्यंत ती गेली. गोणी उलटी केली तेव्हा भिंतीकडच्या अंगाला वीतभर थर काळपट, दडस आणि भुरभुरीत झालेला आढळला. हात लावताच त्यातून धुरासारखी पूड उडाली. मरणाचे कारण तेवढेच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण शवविच्छेदन केले नव्हते. परंतु त्या दिवसापासून या घरात गोणी जमिनीवर ठेवलेली नाही.

सशाच्या पोटाला गवत का लागते

ससा हा गाय-म्हशीसारखा रवंथ करणारा प्राणी नव्हे. त्याचे जठर एकच असते आणि तंतुमय चाऱ्याचे आंबवण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अंधनालात होते. तेथे तयार झालेल्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या ससा पहाटेच्या सुमारास थेट गुदद्वाराशी तोंड लावून खातो आणि त्यांतील प्रथिने व ब जीवनसत्त्वे पदरात पाडून घेतो. अनेकांना ही घाणेरडी खोड वाटते व ते ती मोडू पाहतात. तसे करू नये, हा त्याच्या पचनाचाच भाग आहे.

हे आतडे सतत हलते राहण्यासाठी लांब धाग्याचा, चरबरीत चारा पोटात जात राहावा लागतो. ससा बारा तास उपाशी राहिला तरी आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, आणि एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाऊ शकते. दुसरे कारण दातांचे. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात आणि ते गवत दळण्यानेच झिजतात. नुसत्या गोळी खुराकावर व गाजरावर ठेवलेल्या सशाचे दात वाकडे होऊन गालाला जखमा होतात. म्हणून प्रौढ सशाच्या पोटात जाणाऱ्या चाऱ्यात मोठा वाटा वाळल्या गवताचा असावा, आणि ते चोवीस तास पुढ्यात असावे. खुराक ही जोड आहे, ताजा पाला ही चव आहे, मूळ अन्न गवत होय.

यावरून साठवणीचे महत्त्व लक्षात येईल. गवत संपले किंवा बिघडले तर त्याला पर्याय नाही. गोराईला बोरिवलीकडून खाडीतील फेरीबोटीने यावे लागते. वादळी हवेत फेरी बंद राहिली तर भाईंदर-उत्तनवरून रस्त्याचा लांबचा वळसा पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी उपनगरांचे सारे व्यवहार ठप्प झाले होते. असा दिवस पुन्हा येईल तेव्हा सशाचे गवत घरात हवे.

कोणते गवत साठवावे

आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक, म्हणून तोच सशापुढे टाकण्याकडे कल असतो. पेंढा आणि वाळले गवत यांत फरक आहे. पेंढा म्हणजे दाणा निघून गेलेले, पिकून पिवळे पडलेले काड. त्यात प्रथिने तीन-चार टक्केच असतात, वाळूसारखा सिलिका भरपूर असतो आणि झोडणीची धूळ असते. तो बिछायतीला उत्तम. ससा त्यातील चार काड्या चघळेल तर बिघडत नाही, पण त्यावर त्याचे पोषण होणार नाही. वाळले गवत म्हणजे फुलोऱ्यावर येत असताना हिरवे कापून वाळवलेले गवत. त्याला हिरवट रंग आणि चहाच्या पत्तीसारखा गोड वास असतो.

ठाणे-पालघर भागातील मारवेल, पवना, बेर ही गवते या कामी चांगली. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरवले गेले आहे. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांचा १९४५ च्या ऑक्टोबरमधील संप हा गवत कापणीच्या मजुरीवरूनच झाला होता, पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये ही त्यांची मागणी होती. तबेल्यांचे गवत विकणाऱ्या वखारींतून घरगुती गरजेपुरता एखादा भारा सहज मिळू शकतो. मात्र वखारीत भारा निवडताना वरचा नव्हे, मधला सोडवून पाहावा.

एका गवतापासून सावध राहावे. कुसळी गवत बी धरण्याआधी कापले तर चालते, परंतु कुसळे तयार झाल्यावर कापलेले घेऊ नये. ती टोकदार कुसळे सशाच्या हिरडीत, डोळ्यात आणि पंजाच्या मऊ भागात शिरतात. त्याचप्रमाणे भाऱ्यात घाणेरी, गाजर गवत, धोतरा यांचे वाळके तुकडे आले आहेत का ते पाहावे. हिरवेपणी ससा वासावरून काही वनस्पती टाळतो, वाळल्यावर त्याला ती ओळख राहील याची खात्री नसते. बांधावर कण्हेर असल्यास तिची वाळलेली पाने चाऱ्यात पडू देऊ नयेत.

वाळलेला लसूणघास बाजारात सशांसाठी म्हणून मिळतो. यात प्रथिने पंधरा ते वीस टक्के आणि चुना भरपूर असतो. वाढत्या पिलांना व पाजणाऱ्या मादीला तो हितकर आहे. प्रौढ सशाला रोज दिल्यास मूत्रात चुन्याचा गाळ धरतो, म्हणून चिमूटभरच द्यावा. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसीन हे द्रव्य असते, त्याने सशांचे केस गळतात. त्याचा साठा करूच नये. राहिली तिवराची पाने. ती गुरांना घालण्याची जुनी चाल किनाऱ्यावर आहे, पण ती खारट असतात, आणि तिवरांची तोड २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर बंद केली आहे. तो विचार सोडून द्यावा.

हवेची गोष्ट

गवताचा एक स्वभाव आहे. ते भोवतालच्या हवेतील ओल ओढून घेते. हवा कोरडी असली की ओल सोडते, दमट असली की पिते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की गवतातील ओल चौदा-पंधरा टक्क्यांवर जाते आणि तेथून पुढे बुरशीला मोकळे रान मिळते. गोराईसारख्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता बहुतेक दिवस ऐंशीच्या घरात असते. म्हणजे मे महिन्यात कडकडीत असलेले गवत, पावसाचा एक थेंबही न लागता, नुसत्या हवेने जुलैपर्यंत बुरसटू शकते. देशावरच्या लेखांत ‘गवत हवेशीर जागी, सच्छिद्र गोणीत ठेवावे’ असे लिहिलेले असते. ते तिकडे बरोबर आहे. इकडे पावसाळ्यात ती हवाच शत्रू असते.

म्हणून आपल्यापुढे दोन वाटा आहेत. गवत ओले असेल तर त्याला वारा हवा, आणि ते खरोखर कोरडे असेल तर त्याला वारा लागूच नये. घात होतो तो अर्धवट वाळलेले गवत प्लॅस्टिकमध्ये बांधल्याने. ते आतल्या आत घामेजते, तापते आणि आठवड्याभरात कुजते. हेच मोठ्या गंजीत झाले तर आतील उष्णता वाढत जाऊन गंज आपोआप पेटल्याचीही उदाहरणे जगभर आहेत. घरातल्या चार पिशव्यांना आगीची भीती नाही, बुरशीची मात्र पुरेपूर आहे.

वाळवण आणि भरणी

स्वतः गवत कापावयाचे असल्यास पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, निम्म्या ताटांना फुलोरा आला असताना कापावे. सकाळचे दव उडाल्यावर कापणी करावी. पातळ थर पसरून दिवसातून दोनदा उलटावे, संध्याकाळी गोळा करून झाकावे, नाहीतर रात्रीच्या दवाने दिवसाची मेहनत वाया जाते. साधारण तीन दिवसांत पाने कुरकुरीत होतात, परंतु पेरात ओल शिल्लक राहते. पेर दातांनी किंवा नखाने दाबून पाहावे. ते न वाकता मोडले पाहिजे. उन्हाचा फार अतिरेक करून गवत पांढरे पाडू नये, त्याने अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य नाहीसे होते.

पावसाळ्यासाठी बंद पिशव्या भरण्याचे काम मेपर्यंत लांबवू नये. मेमध्ये समुद्रावरून येणारे वारे दमट असतात. फेब्रुवारी-मार्च हा काळ योग्य. त्यातही दिवसाची वेळ निवडावी. सकाळी हवा दमट असते, दुपारनंतर खारा वारा सुटतो. मतलई वारा पडून ऊन चढलेले असते त्या दहा ते बाराच्या सुमारास हवा पुष्कळ कोरडी असते. गवत आदल्या दिवशीपासून ताडपत्रीवर उन्हात ठेवावे, भरणीपूर्वी अर्धा तास सावलीत घेऊन निवू द्यावे आणि लगेच भरावे. गरम गवत भरल्यास पिशवीच्या आत पाणी सुटते.

भरण्यासाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी आत आणि सुतळी किंवा विणलेली गोणी बाहेर, अशी दुहेरी सोय करावी. प्लॅस्टिक ओल थांबवते, गोणी प्लॅस्टिक फाटू देत नाही. गवत दाबून हवा काढावी, तोंड पिळून दुमडावे आणि घट्ट बांधावे. पिशव्या मोठ्या करू नयेत. एक पिशवी उघडली की दमट हवा आत शिरलीच. म्हणून एका आठवड्याला एक, असे माप धरावे.

हिशेब असा आहे. दोन किलो वजनाच्या प्रौढ सशाला खाणे व सांडणे धरून रोज सुमारे शंभर ग्रॅम गवत लागते. दोन सशांना दिवसाला दोनशे ग्रॅम, आठवड्याला एक किलो चारशे ग्रॅम. पिशवीत दीड किलो भरावे. एक जूनपासून नवे गवत हाती येईपर्यंत, म्हणजे पंधरा नोव्हेंबरपर्यंत, चोवीस आठवडे होतात. चोवीस पिशव्या नित्याच्या आणि दोन अडीअडचणीच्या, अशा सव्वीस पिशव्या, एकूण एकोणचाळीस किलो गवत. दाबून भरल्यास याला साधारण एका मध्यम कपाटाएवढी जागा लागते. पोटमाळा असल्यास तेथे ठेवता येईल, पण वर पत्रा असेल तर नको. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते आणि पावसाळ्यात पत्रा आतून घामेजून ठिबकतो. सर्वात चांगली जागा घराच्या आतल्या भिंतीची, लाकडी फळीवर किंवा विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर. चुलीच्या खोलीलगतची भिंत कोरडी असते, आपल्या आज्या मिठाची बरणी तेथे ठेवीत ते उगीच नव्हे.

मिठाची परीक्षा

गवत कोरडे झाले की नाही हे हाताला नेहमी कळत नाही. दमट दिवशी कोरडे गवतही मऊ लागते आणि तापलेले ओलसर गवत कुरकुरीत लागते. यासाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे.

लिटरभर मापाची, घट्ट झाकणाची, कोरडी काचेची बरणी घ्यावी. गवत दोन-तीन सेंटिमीटर कातरून तिसरा हिस्सा बरणी भरावी. दोन मोठे चमचे बारीक शुद्ध मीठ तव्यावर कोरडे भाजून, पूर्ण निववून, त्यात घालावे. झाकण लावून दोन मिनिटे चांगले हलवावे, दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे आणि पुन्हा हलवून पाहावे. मीठ वाळूसारखे मोकळे घरंगळले तर गवत भरणीला योग्य. मीठ काचेला चिकटले किंवा त्याचे गोळे झाले तर गवतात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे, आणखी एक ऊन द्यावे. भाऱ्याच्या मधले, वरचे आणि खालचे असे तीन नमुने वेगळे तपासावेत.

यामागचे कारण सोपे आहे. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडे राहते, त्यावर गेली की पाणी धरते. बंद बरणीतील हवा गवताच्या ओलीप्रमाणे बनते, आणि ती ओल मीठ सांगते. मात्र या परीक्षेला भाईंदर-दहिसरकडच्या मिठागरातले खडे मीठ वापरू नये. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो फारच कमी आर्द्रतेलाही पाणी ओढतो. पावसाळ्यात खड्या मिठाच्या मडक्याखाली पाणी साचते ते यामुळेच. अशा मिठाने परीक्षा केली तर चांगले गवतही नापास होईल.

हीच परीक्षा पावसाळ्यात नवी पिशवी उघडताना करावी. त्या वेळी मीठ चिकटले तर ते गवत तीन दिवसांत संपवावे, आठवडाभर ठेवू नये. वास कुबट येत असेल, धूळ उडत असेल, काड्या एकमेकींना जाळ्याने चिकटल्या असतील तर परीक्षेचीही गरज नाही, ती पिशवी सशासाठी नाही. येथे एक चूक सर्रास होते. उघाड पडली की बुरसट गवत उन्हात टाकून, झटकून परत वापरतात. उन्हाने बुरशी वाळते, परंतु तिने तयार केलेले विष वाळत नाही, आणि तिची बीजे सशाच्या व आपल्याही छातीत जातात.

गोळी खुराक

सशाचा गोळी खुराक किलोमागे वीस ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या सशाला रोज सुमारे चाळीस ग्रॅम पुरतो. दोन सशांना महिन्याला दोन किलो चारशे ग्रॅम लागतो. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून वीस किलोची आणण्याचा मोह होतो. ती आठ महिने पुरेल, आणि तितके दिवस ती टिकणार नाही. खुराकातील जीवनसत्त्वे दिवसागणिक घटतात, स्निग्धांश खवट होतो. गोळी तयार झाल्यापासून तीन महिन्यांत संपवावी, पावसाळ्यात एका वेळी महिन्याभराचीच आणावी आणि जवळ पंधरा दिवसांची शिलकी ठेवावी. खरेदी करताना पिशवीवरील उत्पादनाची तारीख वाचावी. सुटी मोजून मिळणारी गोळी घेऊ नये, तिचे वय कोणालाच ठाऊक नसते.

या बाबतीत एवढा आग्रह धरण्याचे कारण अफ्लाटॉक्सिन हे आहे. शेंगदाणा पेंड, मका यांवर वाढणारी हिरवट-पिवळी बुरशी ते विष तयार करते. या विषाला अत्यंत हळव्या प्राण्यांत सशाची गणना होते, किलो वजनाला मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मात्राही त्याच्या यकृताचा घात करते. हे विष शिजवून, भाजून नाहीसे होत नाही. थोडा खुराक दिसायला बुरसटला असेल तर बाकीचा वेचून वापरण्यात अर्थ नाही, सबंध डबा टाकावा.

डबा घट्ट झाकणाचा हवा. आपल्या खाऱ्या हवेत पत्र्याचा डबा तळाशी गंजतो व भोक पडून मुंग्या शिरतात, त्यापेक्षा जाड प्लॅस्टिकचे खाद्यपदार्थांचे पिंप बरे. मात्र उंदीर प्लॅस्टिक कुरतडतो. ज्या घरी उंदरांचा उपद्रव आहे तेथे पत्र्याचे पिंप घेऊन तळाला विटा द्याव्यात आणि वर्षाला एकदा रंग मारावा. गोळी तिच्या मूळ पिशवीसह पिंपात ठेवावी म्हणजे तारीख हाताशी राहते. नवी पिशवी आली की जुनी संपेपर्यंत ती उघडू नये. डब्याच्या तळाचा चुरा नव्या गोळीत मिसळण्याची सवय फार घरांत आहे. त्या चुऱ्यातच सोंडे, लाल भुंगेरे आणि बुरशी असते. चुरा फेकून पिंप धुवावे व दिवसभर उन्हात उपडे ठेवावे.

गोळी संपली म्हणून गुरांची गोळीपेंड किंवा कोंबडीखाद्य देणे धोक्याचे आहे. गुरांच्या पेंडीत कधी युरिया असतो, तो पचवण्याची सोय सशाच्या पोटात नाही. कोंबडीखाद्यात रक्ती हगवणीवरील औषधे मिसळलेली असतात, त्यांतील सॅलिनोमायसिन, नॅरासिन यांसारखी काही सशाला विषारी आहेत. गोळी नसेल तर त्या दिवशी नुसते गवत व थोडा पाला द्यावा, प्रौढ सशाचे काही अडत नाही. पाव, चपाती, चणे, तांदूळ मात्र घालू नयेत.

किडीसाठी किंवा उंदरांसाठी साठ्याच्या जागी कोणतेही औषध वापरू नये. धान्यात घालण्याच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू राहत्या घरात माणसांचा जीव घेतो, त्या गोळ्या घरात आणणे म्हणजे मरण विकत घेणे आहे. उंदीर सापळ्यानेच धरावा. त्याच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पसरतात आणि मुंबईत दर पावसाळ्यात माणसे त्याने आजारी पडतात, म्हणून उंदराने ओले केलेली गोणी उघड्या हाताने उचलू नये.

ताजा पाला

पाला साठवण्याची वस्तू नाही. पावसात भिजलेले गवत किंवा भाजीची पाने ढीग करून ठेवली की तासा-दोन तासांत आतून गरम होतात. तो ढीग सशापुढे टाकणे म्हणजे वायूला आमंत्रण होय. पाला झटकून फडक्यावर पातळ पसरावा, वरचे पाणी उडाले की त्याच दिवशी द्यावा. शीतपेटी असल्यास कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला सुती फडक्यात गुंडाळून दोन दिवस राहतो. यंत्राने कापलेल्या हिरवळीचा चुरा तर मुळीच देऊ नये, तो कापल्या क्षणापासून आंबू लागतो.

बिछायत

ससा स्वच्छ प्राणी आहे. त्याची एका कोपऱ्यात मूत्र करण्याची सवय असते, तेथे पसरट तबक ठेवून त्यात बिछायत घातली तर बाकी जागा कोरडी राहते. आपल्याकडे यासाठी सर्वात सोयीचे आणि स्वस्त ते भाताचे तूस. ते गिरणीवर मिळते, हलके असते, लवकर कुजत नाही. ते पाणी मात्र फारसे शोषत नाही. म्हणून तळाला वर्तमानपत्राचे आठ-दहा पदर, त्यावर तीन सेंटिमीटर तूस आणि वर मूठभर पेंढा असा थर करावा. कागद ओल पितो, तूस पाय कोरडे ठेवते.

चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरच्या तबकाला तीन सेंटिमीटर थरासाठी सहा लिटर तूस लागते, वजनाने सहाशे-सातशे ग्रॅम. आठवड्यातून दोनदा सर्व बदलल्यास चोवीस आठवड्यांना तीसेक किलो, म्हणजे तीन-चार मोठ्या गोण्या. तूसही ओल धरते व बुरसटते, त्यामुळे तेही फळीवर ठेवावे. पण गवताइतकी काळजी त्याला लागत नाही. गवत आतल्या खोलीत आणि तूस पडवीत, असा क्रम ठेवावा. पुष्कळ घरी नेमके उलटे असते.

लाकडाचा भुसा वापरावयाचा झाल्यास तो कशाचा आहे हे विचारून घ्यावे. सुतारखान्यातील भुशात प्लायवुड व दाबून केलेल्या फळ्यांचा भुसा मिसळलेला असतो, त्यात डिंक व फॉर्माल्डिहाइड असते. चीड-देवदारासारख्या राळेच्या लाकडाचा ताजा, वास येणारा कीस सशाच्या यकृतावर ताण आणतो. बारीक भुशाची धूळ नाकात जाऊन शिंका सुरू होतात. रंध्याचा जाड कीस त्यापेक्षा बरा. नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी उत्तम शोषतो, आणि आपल्या किनाऱ्यावर मिळतोही, परंतु तो सुकवून चाळलेला हवा. मांजरांसाठी विकली जाणारी, ओली झाली की गोळा होणारी माती सशाच्या तबकात कदापि घालू नये. ससा ती चाखतो आणि ती त्याच्या आतड्यात गोळा होते.

तबक साफ करण्याची वेळ नाकाने ओळखावी, पण आपल्या नव्हे तर सशाच्या नाकाच्या उंचीवर वाकून. अमोनिया जमिनीलगत साचतो, उभ्या माणसाला वास येईपर्यंत सशाचे डोळे चुरचुरू लागलेले असतात. पावसाळ्यात ओले कागद रोज बदलावेत. तबकाला धरणारा पांढरा थर मूत्रातील चुन्याचा असतो, तो व्हिनेगर लावून पंधरा मिनिटांनी घासल्यास निघतो.

काढलेली बिछायत फेकू नये. लेंड्या परसातील वांगी-मिरचीच्या बुडाशी थेट घालता येतात, त्या शेणखतासारख्या तापत नाहीत. मूत्राने भिजलेले तूस व कागद मात्र खड्ड्यात घालून दोन-तीन महिने कुजवावेत. बुरसटलेले गवत आणि खराब खुराकही याच खड्ड्यात टाकून वर माती ओढावी, म्हणजे कोंबड्या ते उकरून खाणार नाहीत. अफ्लाटॉक्सिन त्यांनाही सोसत नाही, आणि बदकाच्या पिलांना तर मुळीच नाही.

इतकी तजवीज करूनही एखादा ससा गवताकडे पाठ फिरवून कोपऱ्यात दात खात बसला, किंवा सकाळी तबकात लेंड्या दिसल्या नाहीत, तर उद्यापर्यंत वाट पाहू नये. चालू पिशवीतील गवताचा व गोळीचा मूठभर नमुना कागदात बांधून बरोबर घ्यावा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून जनावरांची सेवा करीत आहे. गोराईहून तेथे पोचण्यास बोट, रिक्षा आणि लोकल धरून दोन तास तरी लागतात. शेवटच्या बोटीची वेळ आधीच माहीत करून ठेवावी.